सवालातलं घड्याळ

शिवयोगी बिराजदारांच्या घरी साखळीचं जुनं घड्याळ एकही नव्हतं. तरी सोलापुरात कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत तसलं काही सापडलं की माणसं ते रुमालात गुंडाळून त्यांच्याकडेच आणत. बिराजदार आधी हात धूत, कोरडे करत, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरत आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ गप्प बसत. तेवढ्यात त्यांच्या पत्नी दुर्गाबाई चहा करून आणत. मग बिराजदार भिंग काढून एक आकडा सांगत. तो ऐकल्यावर बहुतेक माणसं उरलेला चहा तसाच ठेवून उठत.

“अहो, थोडं वाढवून सांगितलं तर तुमचं काय जातंय?” दुर्गाबाई दार लावता लावता म्हणत. “चेहरा बघितला का बिचाऱ्याचा?”

“वाढवून सांगितलं की ती किंमत राहत नाही,” बिराजदार म्हणत. “ते अंदाजपत्रक होतं.”

अंदाजपत्रक हा त्यांच्या तोंडचा सर्वांत वाईट शब्द होता. एका सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं मोऱ्यांची आणि छोट्या पुलांची अंदाजपत्रकं टाइप केली होती. सकाळी चार लाखांची असलेली मोरी संध्याकाळी सहा लाखांची होऊन सहीला जायची, आणि मोरी तीच असायची. बिराजदारांनी कधी तक्रार केली नाही, वरकड पैशाला हातही लावला नाही. फक्त रोज घरी आल्यावर ते जरा जास्त वेळ चूळ भरत.

निवृत्त झाले तेव्हा मुलीनं, अंकितानं, त्यांना चांगला फोन घेऊन दिला. त्यावर एका दुपारी त्यांना परदेशातला घड्याळांचा लिलाव सापडला. एक सुटातला माणूस हातात लाकडी हातोडी घेऊन उभा, मागे पडद्यावर घड्याळ, आणि बोली लागण्याआधी विकणाराच त्या घड्याळाचे दोष वाचून दाखवतोय: तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ चीर, एक काटा नंतरचा, झाकणाची बिजागरी सैल. बिराजदारांनी दुर्गाबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

“बघ. स्वतःच्या मालाचे दोष स्वतः सांगतोय. आधी!”

“खोड असंल त्याला,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला परत गेल्या.

त्या दिवसापासून बिराजदारांचं आयुष्य मार्गी लागलं. ते घड्याळं जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात गेले आणि तिथं वर्षभर विद्यार्थ्यासारखे राहिले. विकत काही घेतलं नाही. फक्त किंमत करायला शिकले. शिकलेलं ते दुर्गाबाईंना म्हणून दाखवत. पहिल्यांदा तबकडी. ती मिन्याच्या लेपाची असेल तर तिरप्या उजेडात धरायची, केसाएवढी चीर असली तरी दिसते, आणि दिसली की किंमत घसरली. मग काटे. एक निळा आणि दुसरा काळा असेल तर त्यातला एक कधीतरी तुटलाय. मग डबी. तिच्या कडा बोटाला लागल्या पाहिजेत; गुळगुळीत झालेली डबी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं घासून चकचकीत केलेली, आणि चकचकीत जुन्या वस्तूकडे जाणकार बघतही नाहीत. हे ऐकून दुर्गाबाईंनी एकदा देवाची पितळी भांडी घासायची बंद करून पाहिली. आठवड्याभरात बिराजदारांनीच विचारलं, “तांब्या असा काय दिसतोय?”

“किंमत वाढतीय त्याची,” दुर्गाबाई म्हणाल्या.

मग घड्याळ कुणाकुणाच्या खिशातून आलं ते विचारायचं. तसलंच घड्याळ मागच्या लिलावात कितीला गेलं ते बघायचं. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. मागचं झाकण उघडायचं आणि आतल्या मशीनवरचा नंबर झाकणाच्या आतल्या नंबराशी ताडून बघायचा. दोन्ही एक असले तर घड्याळ जन्मापासून एक. नसले तर डबी एकाची, मशीन दुसऱ्याचं, आणि किंमत निम्म्याच्याही खाली. म्हणून आतलं बघितल्याशिवाय किंमत सांगायची नाही. बिराजदारांनी हा नियम इतका मनावर घेतला की कुणी कलिंगड कसं आहे विचारलं तरी ते कापेपर्यंत गप्प बसत.

अशा या माणसाला एका घड्याळाची किंमत करता येत नव्हती, आणि ते घड्याळ त्यांच्या सासऱ्यांचं होतं.

चांदीच्या डबीतलं, स्विस बनावटीचं. सासऱ्यांना ते रेल्वेतल्या कुणा साहेबानं दिलं होतं. सासरे गेल्यावर ते दुर्गाबाईंच्या भावाकडे, रुद्रप्पाकडे मंगळवेढ्याला गेलं आणि तिथं कॅलेंडरशेजारी खिळ्याला लटकून राहिलं. बिराजदार सासुरवाडीला गेले की जेवणाआधी खिळ्याजवळ, जेवणानंतर खिळ्याजवळ. तबकडी निर्दोष होती. दोन्ही काटे निळे होते. डबीच्या कडा बोटाला लागत होत्या, कारण रुद्रप्पाच्या घरी कुणी काही घासत नसे. राहिलं होतं फक्त आतलं.

“रुद्रप्पा, एकदा झाकण उघडू का?”

“नको दाजी. उघडलं की बंद पडंल.”

“ते बंदच आहे.”

“मग उघडून काय उपेग?”

दहा वर्षं दर दिवाळीला हाच प्रश्न आणि हेच उत्तर झालं. बिराजदारांनी शेकडो घड्याळांच्या किमती सांगितल्या. पण झोपताना डोळे मिटले की त्यांना ते मंगळवेढ्याचं झाकण दिसे. आत एकच नंबर असला तर अठरा हजार. नसला तर आठ. अठरा का आठ, हे मरायच्या आत कळावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. काशीला जायचं का, असं दुर्गाबाईंनी विचारलं तेव्हाही ते म्हणाले, “आधी ते कळू दे.”

आणि मग रुद्रप्पाच्या रानात बोअरला पाणी लागलं.

पाणी लागावं म्हणून रुद्रप्पानं नवस बोलला होता, आणि पाणी लागल्यावर बहिणीला न विचारता वडिलांचं घड्याळ सोलापुरात आणून वडिलांच्या जुन्या गल्लीतल्या वीरभद्राला वाहून टाकलं. दुर्गाबाईंना हे फोनवर कळलं.

“नारळ न्हाय का मिळत मंगळवेढ्यात?” त्या भावाला म्हणाल्या. “आप्पांचंच घड्याळ सापडलं का तुला?”

“अक्का, पाणी साडेतीन इंची लागलंय. साडेतीन इंची पाण्याला नारळ कसा देऊ?”

देवाला आलेल्या वस्तूंचा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात लिलाव होतो. त्याला तिथं सवाल म्हणतात. बाहेरच्या माणसाला तो लिलाव वाटेल, पण त्यात वस्तूची किंमत होत नाही, बोलणाऱ्याची होते. पहिला नारळ, देवाच्या गळ्यातली लिंबांची माळ, पालखीवरचं वस्त्र, असल्या गोष्टींना हजारांत बोली लागते. मागे एकदा दोन साडूंच्या ईर्षेत एक काकडी नऊ हजारांना गेली होती. आणि बोलीचे पैसे द्यायचे ते पुढच्या श्रावणापर्यंत. तोवर वस्तू घेणाऱ्याच्या घरी राहते, पण असते देवाची. तिची पूजा करायची. वापरायची नाही, मोडायची नाही, उघडायची नाही.

बिराजदारांनी सवालात उतरायचं ठरवलं. आतलं सगळं चांगलं असेल असं धरून अठरा हजारांपर्यंत जायचं. त्याच्या वर एक रुपया नाही. आणि ग्रुपाचा नियम होता की लिलाव कळला तर लपवायचा नाही, म्हणून त्यांनी घड्याळाचा फोटो, देवळाचा पत्ता आणि तारीख ग्रुपावर टाकली.

“शत्रूला वाट दाखवलीत,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“नियम आहे.”

“नियम त्यांना. घड्याळ आमच्या आप्पांचं.”

सोमवारी सकाळच्या गाडीनं पुण्याहून देवदत्त नावाचे एक संग्राहक आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, पाठीला बॅग, बॅगेत तीन प्रकारची भिंगं. बिराजदार त्यांना घेऊन देवळात गेले. गाभाऱ्यासमोर दोरी बांधली होती. दोरीच्या पलीकडे ताटात घड्याळ होतं, शेजारी नारळ, खण आणि विडा. ताटाजवळ देवळाचे खजिनदार सिद्रामप्पा खुर्ची टाकून बसले होते. सवालही तेच पुकारत.

“जरा झाकण उघडून दाखवता का?” देवदत्तांनी विचारलं.

“कशाचं?”

“घड्याळाचं. आतलं बघितल्याशिवाय किंमत कशी करणार?”

“सवालाआधी नारळ फोडून दाखवतो का आमी?” सिद्रामप्पा म्हणाले.

देवदत्तांनी बिराजदारांकडे बघितलं. बिराजदारांनी जमिनीकडे बघितलं.

“बरं, हे आधी कुणाच्या मालकीचं होतं, याचा काही पुरावा?”

“देवाचं हाय. त्याच्या आधी रुद्रप्पाचं. कुणाचा पुरावा पाहिजे, देवाचा का रुद्रप्पाचा?”

देवदत्तांनी मोबाइलचा टॉर्च लावला. देवावर टॉर्च मारायचा नाही म्हणून तो बंद करावा लागला. शेवटी त्यांनी दोरीवरून वाकून ताटाजवळ कान नेला. आत काही हलतंय का, सुटा भाग वाजतोय का, तेवढं तरी ऐकावं. ते वाकलेले बघून पुजारी स्वामी पुढे आले, त्यांच्या कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि हातावर फूल ठेवलं. देवदत्त फूल घेऊन सरळ झाले.

“काय ऐकू आलं?” बिराजदारांनी हळूच विचारलं.

“घंटा,” देवदत्त म्हणाले.

सवाल सुरू झाला. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. पहिला नारळ अकरा हजारांना गेला तेव्हा देवदत्त दचकले.

“सर, त्या नारळात काय विशेष आहे?”

“पहिला आहे.”

देवदत्तांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. “बरोबर. आमच्याकडेही पहिल्या नंबराला मान असतो.”

लिंबांची माळ एकवीसला गेली. मग सिद्रामप्पांनी ताट उचललं. “देवाचं घड्याळ! चांदीचं! एक हजार एक!”

बिराजदार पाच म्हणाले, देवदत्त सात म्हणाले. दोघंही अशा आवाजात बोलत होते की शेजारच्यानं पुन्हा विचारावं. दहा, बारा, चौदा. सोळापर्यंत देवदत्त आले आणि थांबले. बिराजदार सतरा म्हणाले, आणि मग आणखी कुणी बोलत नसताना, मोहरून जाऊन, स्वतःवरच चढवून अठरा म्हणाले. त्यांना तो आकडा एकदा मोठ्यानं म्हणायचाच होता.

“आत न बघता अठरा?” देवदत्त कुजबुजले. “धाडस आहे, सर.”

“अठरा एकवार! अठरा दोनवार!”

“एकवीस!”

आवाज मागच्या खांबाजवळून आला. मडिवाळप्पा. बिराजदारांचे व्याही, अंकिताचे सासरे. मार्केट यार्डात ज्वारीची आडत, अंगापिंडानं भरपूर, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून उशीर झालेला. त्यांनी गर्दीवरून बिराजदारांना हात जोडले. चेहऱ्यावर उपकार केल्याचं हसू होतं.

“काय पावणं, आमच्या सुनेच्या आज्याचं घड्याळ अठरात सोडता व्हय? लोक काय म्हणतील आमाला?”

त्यांना वाटलं होतं, घड्याळ कुणीतरी परका नेतोय आणि आपण नात्याची लाज राखतोय. बिराजदारांनी तोंड उघडलं. बावीस हा आकडा घशाशी आला आणि तिथंच बसला. चाराची मोरी सहाला करताना निदान ती टाइप करायची होती. मोठ्यानं म्हणायची नव्हती. त्यांनी तोंड मिटलं.

“एकवीस एकवार!”

दुर्गाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं मिटलेलं तोंड बघितलं. मग व्याह्यांच्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यात सत्कारातल्या ट्रॉफ्या, एक शिंपल्याचा मोर आणि आता मधोमध आप्पांचं घड्याळ. सणासुदीला आपण तिथं जायचं, सोफ्याच्या कडेवर बसायचं, चहा प्यायचा आणि ते बघायचं. आणि विहीणबाई म्हणणार, “तुमच्या माहेरचं हाय की हे.”

“एकतीस,” दुर्गाबाई म्हणाल्या.

बायकांच्या बाजूनं आजवर बोली आली नव्हती. सिद्रामप्पांनी चष्मा काढून बघितलं.

मडिवाळप्पांनाही कोण बोललं ते नीट दिसलं नाही. “चाळीस!” ते म्हणाले.

“पंचेचाळीस.”

“पन्नास!” आता त्यांना गर्दीतून दिसलं, पण आकडा बाहेर पडला होता.

“एक्कावन्न,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

मडिवाळप्पा पुढे आले. सगळ्या देवळाचं लक्ष त्यांच्याकडे. विहिणीच्या वर बोलावं तर शोभत नाही, थांबावं तर हरल्यासारखं दिसतं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “विहीणबाईंच्या पुढं आमी काय बोलणार!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मडिवाळप्पा हसले, प्रसाद न घेता गेले.

घड्याळ घरी आलं. दुर्गाबाईंनी ते देव्हाऱ्यात, कोनाड्यातल्या वीरभद्राच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि रोज आंघोळ करून त्याच्या काचेवर विभूती आणि ओलं कुंकू लावायला सुरुवात केली. बिराजदार मागे उभे राहून बघत. प्रत्येक बोटासरशी त्यांच्या मते दीडशे रुपये कमी होत होते.

“कुंकू काचेच्या फटीतून तबकडीवर जातं गं.”

“देवाचं हाय. बिनकुंकवाचं ठेवू?”

इकडे अंकिताचा फोन आला. “आई, मामंजी दोन दिवस धड जेवले नाहीत. भाकरी मोडतात आणि एक्कावन्न म्हणतात.”

तिकडे पुण्याला पोचून देवदत्तांनी ग्रुपावर निकाल टाकला: स्विस, चांदीची डबी, सोलापूर, एक्कावन्न हजार. जाणकारांत खळबळ उडाली. मागच्या लिलावाचा आकडा म्हणजे पुढच्या किमतीचा पाया. आठवड्याभरात तसल्या घड्याळांना बडोद्यात चाळीस सांगू लागले, आणि कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी तर बिराजदारांना फोन करून आभार मानले. त्यांच्याकडे तसली तीन होती.

“पण ती किंमत नव्हती हो!” बिराजदार फोनवर म्हणाले. “ती विहीण होती!”

डॉक्टरांना वाटलं, हा काहीतरी सोलापूरकडचा शब्द असेल.

बिराजदारांनी फोन उलटा ठेवला. दुर्गाबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. “तुम्ही रोज बघता तिकडं जिनिव्हात का कुठं,” त्या म्हणाल्या, “तिथंपण कुणीतरी कुणाची विहीण बसलेली असणारच की. त्याशिवाय आकडा एवढा चढतोय व्हय?”

हा विचार बिराजदारांना आजवर आला नव्हता. त्यांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरून ठेवला.

आता एकच मार्ग होता. पैसे देऊन टाकायचे. पैसे दिले की घड्याळ देवाचं राहणार नाही, आणि मग झाकण उघडता येईल. निदान एकदा खरी किंमत कळेल. फ्रिज बदलण्यासाठी आणि घराला रंग देण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. दुर्गाबाईंनी जुन्या फ्रिजकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “द्या. बोलले मीच आहे.”

बिराजदार पाकीट घेऊन देवळात गेले. सिद्रामप्पा हिशेबाला बसले होते. पाकीट बघून ते उठूनच उभे राहिले.

“हे काय?”

“सवालाचे पैसे.”

“कुठल्या सवालाचे?”

“गेल्या सोमवारच्या.”

“गेल्या सोमवारच्या?” सिद्रामप्पांनी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नव्हतं. “बिराजदार, बसा. पाणी प्या. घरात काही झालंय का?”

“काही नाही. पैसे घ्या आणि मोकळं करा.”

“असं कसं घेऊ? अहो, गेल्या वर्षीच्या नारळाचे अजून यायचेत. त्याच्या आदल्या वर्षीच्या लिंबांचे यायचेत, आणि ते लिंबू घेतलेले वारले. काकडीवाले दोघं साडू, एक कर्नाटकात गेला, दुसरा म्हणतो, काकडी कडू होती.”

“मग तर माझे घ्या. तेवढे तरी येतील.”

“तेच नको ना!” सिद्रामप्पा रडकुंडीला आले. “तुमी आज दिलं की उद्या गावात होणार, बिराजदारांनी आठ दिवसांत दिले. मग बाकीच्यांची मान खाली. पुढच्या सवालाला बोलणार कोण? आणि अहवालात काय वाचू? दरवर्षी मी येणं वाचतो तेव्हा टाळ्या पडतात. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत एवढं येणं असलेलं देऊळ न्हाय.”

“मला उघडून बघायचंय,” बिराजदार म्हणाले.

“बघा की! कोण बघायला येतंय घरी?”

“देवाचं आहे.”

सिद्रामप्पांनी वही मिटली. खजिनदारालाच याची आठवण करून द्यावी लागली होती.

बिराजदार उठले आणि गाभाऱ्यासमोरच्या दानपेटीपाशी गेले. पेटीची फट बारीक. नाण्यांना आणि फार तर घडी घातलेल्या एखाद्या नोटेला होईल एवढी. त्यांनी पाकीट उघडलं, पाचशेची एक नोट काढली, उभी घडी घातली, आडवी घडी घातली आणि आत सारली. मग दुसरी. दर्शनाला आलेल्या बायका मागे थांबल्या. सिद्रामप्पा शेजारी उभे राहून हात जोडत होते. “बिराजदार, निम्मे. निम्मे तरी बाकी ठेवा. देवळाच्या इज्जतीचा प्रश्न हाय.” बिराजदार घड्या घालत राहिले. एका म्हातारीनं स्वामींना विचारलं, हे कसलं व्रत आहे, आणि किती सोमवार करायचं. स्वामींनी सांगितलं, त्यांना माहीत नाही, पण फळ नक्की मिळत असणार.

शेवटची नोट गेल्यावर सिद्रामप्पा म्हणाले, “पावती मागू नका. म्हंजे आमच्याकडं तुमचं येणं राहील, आणि तुमच्याकडं समाधान.”

“चालेल,” बिराजदार म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हात धुतले. पांढरा टॉवेल अंथरला. दुर्गाबाईंनी देव्हाऱ्यातून घड्याळ आणून काचेवरचं कुंकू आपल्या पदरानं पुसलं, आणि पहिल्यांदाच टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसल्या. दुपारचा उजेड खिडकीतून तिरपा येत होता. बिराजदारांनी नख लावलं. झाकण जराही न कुरकुरता उघडलं, जणू रोज उघडत असावं.

“झाकणावरचा नंबर वाच,” ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी वाचला. बिराजदारांनी भिंगातून मशीनवरचा वाचला. पुन्हा दोघांनी वाचला. एकही आकडा जुळत नव्हता. मशीन भलत्याच घड्याळाचं होतं. कधीतरी कुण्या दुरुस्तीवाल्यानं जुनं काढून हे बसवलेलं.

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे बघायचं टाळलं. पण बिराजदारांनी भिंग काढलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही नव्हता असा उजेड होता.

“आठ,” ते म्हणाले. “आठ हजार. बास.”

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. दहा वर्षांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांपुढे झाकण नव्हतं.

एवढ्यात दारात मडिवाळप्पा. यार्डातून थेट आलेले, सदऱ्यावर ज्वारीचा भुस्सा. जेवण सुटल्यानं गळ्याशी सदरा सैल झाला होता. त्यांनी टेबलावरचं उघडं घड्याळ बघितलं आणि चप्पल काढता काढता थांबले.

“उघडलं व्हय? मंग, किती निघाली किंमत?”

दुर्गाबाईंनी मागून नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. मुलगी त्या घरात होती. नुसतं “बघतोय अजून” म्हटलं तरी चाललं असतं. एक्कावन्नला घेतलेलं आठाचं निघालं, हे व्याह्यांच्या हाती दिलं की ते यार्डापासून अक्कलकोटापर्यंत सांगत सुटणार, आणि मेलो तरी ते पुरणार.

“आठ,” बिराजदार म्हणाले.

“आठ काय?”

“हजार. हा नंबर बघा, आणि हा बघा. जुळत नाहीत. मशीन नंतरचं आहे.”

मडिवाळप्पांनी भिंग उलटं धरून दोन्हीकडे बघितलं. मग ते सावकाश खाली बसले आणि व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथं दुःखाचा लवलेश नव्हता. उलट माणूस सुखानं फुलला होता.

“पावणं,” मडिवाळप्पा म्हणाले, “चाळीस वर्सं आडत करतोय. घ्यायच्या आधी मालाला नावं सगळेच ठेवतात. घरात आलेल्या मालाला नावं ठेवणारा आज पयल्यांदा बघतोय. आनि वर हसतोय.” त्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजे लईच भारी निघालं दिसतंय.”

“अहो, नंबर जुळत नाहीत!”

“तुमचं तुमच्यापाशी. पंचावन्न.”

“काय पंचावन्न?”

“मी देतो. पंचावन्न.”

“आठाचं आहे हो ते! त्याला पंचावन्न घेतले तर मी लबाड ठरेन.”

“साठ.”

“साडेसात,” बिराजदार चिडून म्हणाले. “काचेच्या कडेला टवका आहे. आत्ता दिसला.”

“टवकापण हाय? पासष्ट!”

“सात!”

“सत्तर,” मडिवाळप्पा शांतपणे म्हणाले, “पुढच्या श्रावणात देतो.” आणि मग आत वळून, “विहीणबाई, भाकरी हाय का वो? सकाळपास्नं पोटात काय न्हाय.”

दुर्गाबाईंनी दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी वाढली. मडिवाळप्पा आठवडाभराचं जेवले. सगळ्यांत मोठी बोली आता त्यांची होती. घड्याळ कुणाकडे आहे हा किरकोळ मुद्दा उरला होता. जाताना त्यांनी बिराजदारांच्या खांद्यावर हात ठेवला. “इचार करा. घाई न्हाय. पन आट म्हणून मला फसवू नका, आपलं नातं हाय.”

ते गेले. बिराजदार ताटाच्या जागी उरलेल्या भाकरीच्या तुकड्यांकडे बघत बसले. देवदत्तांना खरी किंमत कळवली तर ग्रुपातले रागावणार होते. बडोद्याचे चाळीस खाली आले असते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनच उचलला नसता. सिद्रामप्पांच्या लेखी त्यांनी पैसेच दिले नव्हते. मडिवाळप्पा तर डोळ्यांनी बघून गेले होते.

“तुला तरी पटलं ना?” त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं. “आठ?”

दुर्गाबाईंनी टेबल पुसलं. मग घड्याळ हातात घेतलं, झाकण लावलं, आणि ते उलटं करून आप्पा धरायचे तसं तळहातावर धरून बघितलं.

“पटलं,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे तुमचं.” मग ते पुढे करत, “पण माझ्या बापाचं आहे हो. नऊ म्हणा की.”

बिराजदारांनी त्यांच्याकडे बघितलं. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, घड्याळ त्यांच्या हातातून घेतलं आणि खिडकीशी गेले. तबकडी तिरपी धरली, आकड्यांवरून एकेक करून नजर फिरवली, काटे बघितले, डबीच्या कडेवरून बोट फिरवलं. दुर्गाबाई उभ्याच होत्या.

“साडेआठ,” बिराजदार म्हणाले.